इस्त्रीचा शर्ट आणि चाळीस टक्के

मनोविकारामुळे आलेल्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलमध्ये तपासणीची तारीख मिळाली की घरातली आई मुलाला आदल्या दिवशी सलूनमध्ये नेऊन आणते. सकाळी बाबापुता करून अंघोळीला पाठवते, इस्त्रीचा शर्ट घालते. लोकांत आपलं लेकरू नीट दिसावं, एवढंच तिच्या मनात असतं. बोर्डाच्या डॉक्टरांना मग तो शर्ट दिसतो. त्याआधीचा आठवडाभर त्याने अंगाला पाणी लावू दिलं नव्हतं, हे कागदावर येतच नाही. ‘स्वतःची काळजी घेतो का?’ या प्रश्नाला आई सवयीने ‘हो, घेतो की’ म्हणते आणि तिथेच त्याचे गुण कमी होतात.

हे गुण मोजायला ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. ती भारतातल्याच मनोविकारतज्ज्ञांनी तयार केली आणि 2002 पासून सरकारदरबारी मान्य आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण. जितका त्रास जास्त, तितके गुण जास्त. पाचवा भाग आजार किती जुना आहे याचा: दोन वर्षांच्या आतला असेल तर 1, दहा वर्षांवर गेला असेल तर 4. बेरीज 7 झाली की चाळीस टक्के. पेन्शन, नोकरीतलं आरक्षण, बहुतेक सवलती या चाळिशीच्या पुढे सुरू होतात. 6 आले तर हाती जवळपास काही नाही.

म्हणून जुने केसपेपर हा जीव की प्राण समजावा. चार बाबींत मिळून 4 गुण असलेल्या माणसाचा आजार दहा वर्षांपेक्षा जुना असल्याचं सिद्ध झालं तर बेरीज 8 होते. तेच कागद घर बदलताना रद्दीत गेले आणि फक्त गेल्या वर्षाच्या चिठ्ठ्या हाती उरल्या, तर 5. माणूस तोच, आजार तोच. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे कागद कुठल्याही घरात हौसेने जपले जात नाहीत, उलट बहिणीच्या लग्नाआधी फाडून टाकले जातात. त्या भीतीची किंमत पुढे रुग्णालाच मोजावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचा ताप-कळांचा झटका आला की माणूस अंथरुणाला खिळतो आणि झटका ओसरला की पुन्हा शेतावर दिसतो. मनोविकाराचंही तेच. चढउतार असलेल्या आजाराची मोजणी एका सकाळी उरकणं मला मान्य नाही. हात किती अंशात वळतो हे मोजता येतं, पण माणूस कामावर किती दिवस टिकतो हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशी वेगळं, निवांत बोलायला तज्ज्ञाला वेळ मिळायलाच हवा. रांगेत शंभर माणसं उभी असताना तो मिळत नाही, आणि यात दोष त्या डॉक्टरांचा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांची पदं भरलेली असतील तरच ही मोजपट्टी न्याय देईल.

खोटे दाखले निघतात हे खरं आहे. 2024 मध्ये त्यावर राज्यभर बोललं गेलं, तपासण्या कडक झाल्या. पण खोट्याला गाळताना खरा माणूस गाळला जातो तेव्हा त्याची बातमी होत नाही.

टक्के मिळाले तरी तहसीलची पायरी उरतेच. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम 2025 मध्ये दरमहा 1,500 वरून 2,500 झाली, ती चांगलीच गोष्ट. मात्र दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. भाऊ वॉचमनची नोकरी करत असला तरी हा आकडा ओलांडला जातो, आणि भावाच्या पगारावर ज्याला जगावं लागतं त्याला सरकार निराधार मानत नाही. ही मर्यादा वाढवली पाहिजे, किंवा रुग्णाचं स्वतःचं उत्पन्न धरलं पाहिजे.

तोवर, ज्यांना तारीख मिळाली आहे त्यांनी एक करावं. रोज काय घडतं ते आदल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवावं: जेवण कोण वाढतं, गोळ्या कोण देतं, रात्री कोण जागतं, शेवटचं काम का सुटलं. वही आणि सगळे जुने केसपेपर सोबत न्यावेत. डॉक्टरांनी विचारलं की त्याच्या चांगल्या दिवसाचं सांगू नये, नेहमीच्या दिवसाचं सांगावं. तरीही टक्के कमी आले, तर कायद्याच्या 59 व्या कलमाने अपिलाचा हक्क दिला आहे. तो वापरावा.