गाडी कुणाच्या नावावर?

मंडळी, बातमी फुटलेलीच आहे, तेव्हा आता अधिकृतपणे सांगून टाकतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी मोटरसायकल घेतली. स्प्लेंडर, काळी, २०१५ सालची, म्हणजे वापरलेली. मुलुंडच्या एका गृहस्थांनी चारचाकी घेतली आणि ही २८,००० रुपयांना मला दिली. माटुंग्याला येऊन आज तिला सतरा दिवस झाले.

तेव्हापासून फोन चालू आहेत. भाची म्हणाली, "मामा, निदान अ‍ॅक्टिव्हा तरी घ्यायची!" अगं, स्कूटरची चाकं दहा-बारा इंची, हिची अठरा इंची. मुंबईच्या खड्ड्यात कुठलं चाक बरं, हे सांगायला मराठीच्या मास्तराला भौतिकशास्त्र शिकावं लागत नाही. १९८३ पासून वीसेक वर्षं मी चेतक चालवली, त्यामुळे डावी मूठ अजून आपोआप फिरायला बघते. चेतकचे गिअर मुठीत होते, हिचे पायात आहेत आणि सगळे पुढेच दाबायचे. हाताला हे पटायला चार दिवस लागले. स्टेपनी नाही, ही एक उणीव मात्र खरी. आणि गाडी चालू होत नसली की ती एका बाजूला कलती करण्याचा जो सोहळा चेतकवाल्यांच्या नशिबी होता, तो इथे नाही. थोडं चुकल्यासारखं होतं!

'सेकंडहँड' म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना एक आठवण करून देतो. चेतक १९७२ साली बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यासाठी नंबर लावून बसावं लागे. काहींना तर दहा-दहा वर्षं. त्या काळात वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळायची. तेव्हा जुनी गाडी दारात आली तरी लोक पेढे मागत. आता हप्त्यावर दुसऱ्या दिवशी नवी मिळते म्हणून जुनीला कमीपणा आला, एवढंच.

मला तर जुन्या वस्तूत वाचायला काहीतरी मिळतं. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेताना मी आधी कुणी कुठे रेघा मारल्यात ते बघत असे. रेघा पहिल्या वीस पानांतच थांबल्या असतील तर त्या वाचकाचा स्वभाव कळे. ही गाडीही तशीच वाचली. ब्रेकच्या पायाचं रबर गुळगुळीत झालंय, म्हणजे मालक सावध होता. आरशांना तडा नाही. टाकीवर अगदी पुढे लहान मुलाने चिकटवलेल्या दोन चांदण्या आहेत, म्हणजे शाळेत सोडायचं काम हिने केलंय. त्या मी काढणार नाही. मेकॅनिकने चेन सेट आणि ब्रेक लायनर बदलायला सांगितले, ते बदलले. नव्या गाडीबद्दल विक्रेता सांगेल तेवढंच कळतं. अकरा-बारा वर्षं चाललेली गाडी स्वतःच बोलते.

आता चिरंजीवांचा प्रश्न. तो पुण्याहून म्हणाला, "बाबा, घेताय तर घ्या, पण माझ्या नावावर करू. या वयात तुमच्या नावावर कशाला? पुढे परत बदलायचा ताप." बोलला प्रेमानेच. तरी मला ते लागलं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच आज लिहायला बसलो.

आमच्या वयात नावावरून वस्तू जातात, येत नाहीत. बँकेत जा, नॉमिनी विचारतात. घराच्या कागदावर मुलांची नावं चढतात. टेलिफोन गेला, गॅसची नोंदणी सुनेच्या नावावर गेली. सगळं शहाणपणाचंच आहे, मीच सह्या केल्या आहेत. पण गेल्या पंधरा वर्षांत माझ्या नावावर नव्याने आलेली वस्तू कोणती, असं विचारलं तर चष्म्याची पावती दाखवावी लागेल.

शिवाय यात कायद्याचा मुद्दा आहे, तो भावनेपेक्षा पक्का आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. एक गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकली गेली, पण कागदावर नाव पहिल्याचंच राहिलं. पुढे अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. म्हणजे गाडी मुलाच्या नावावर आणि चालवणार मी, तर माझ्या हातून काही झालं की नोटीस पुण्याला जाणार. हे मला मान्य नाही. माझ्या चालवण्याचा हिशेब माझ्याच नावे लिहिला जावा.

याच कारणाने त्या मुलुंडच्या गृहस्थांनाही मी मोकळं केलं. "सावकाश बदला हो, घाई नाही," असं ते म्हणत होते. चांगली माणसं अशीच फसतात! त्याच आठवड्यात फॉर्म २९ आणि ३० भरले, विम्यावरचं नाव बदलायला अर्ज दिला. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असा नियम आहे. विम्यासाठीही चौदाच दिवस. पण किती जण पाळतात? आमच्या गल्लीतच तीन मालक होऊन गेलेली पण कागदावर अजून पहिल्याचीच असलेली एक गाडी उभी आहे. तिचा आजचा मालक कोण, हे देव जाणे.

बाकी सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू हे तिन्ही दुचाकीला बंद आहेत. करोडो रुपयांचे रस्ते, आणि शहरात सर्वांत जास्त गाड्या ज्या प्रकारच्या त्यांनाच मज्जाव. यावर वेगळं लिहायला हवं. मला स्वतःला तिकडे जायचंच नाही. सकाळी सहाला फाइव्ह गार्डन्सला दोन फेऱ्या, मग बाजारातून फुलं आणि केळी, एवढाच माझा मुलूख. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं म्हटल्यावर हिने आधी अंबाडा मोडेल म्हणून नकार दिला. परवा मात्र स्वतःच विचारलं, वडाळ्याच्या विठोबाला कधी नेणार? हेल्मेट आणलंय, मोठ्या मापाचं.

माझा परवाना दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या दाखल्यावर नवा करावा लागतो. गाडीची नोंदणी २०३० पर्यंत आहे, मग तिचीही तपासणी. माझी मुदत आधी येते. डॉक्टर नको म्हणाले तर गाडी विकीन, आणि विकताना नाव त्याच आठवड्यात बदलून देईन. चिरंजीवांनी काळजी करू नये. दिवाळीला आल्यावर चालवायला मिळेल, पेट्रोल स्वतःचं घालायचं.