आठ अँगस्ट्रॉमचा शेजार

गेले तीन-चार वीकएंड मी एका नव्या नादाला लागलोय. प्रोटीनच्या रचनेत कुठलं अमिनो आम्ल कुणाला टेकून बसलंय, ते शोधणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहितोय. खरं तर बायोलॉजीशी आमचं नातं दहावीलाच संपलं होतं. अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कारण इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलंच होतं. आता तिशी जवळ आल्यावर बेडकाऐवजी हिमोग्लोबिन उघडून बसलोय, इतकंच.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची एक लांब माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. ही माळ सरळ राहत नाही, तिची घडी पडते. नऊवारीची घडी घातली की एका टोकाचा काठ दुसऱ्या टोकाजवळच्या काठावर येऊन बसतो ना, तसंच इथेही होतं. माळेतला ६ नंबरचा मणी १३० नंबरच्या मण्याला चिकटलेला असू शकतो. या चिकटण्याला कॉन्टॅक्ट म्हणायचं. प्रोटीनचा आकार, त्याचं काम आणि त्याचे आजार, सगळं बरंचसं या कॉन्टॅक्ट्सवर ठरतं.

प्रोग्रॅमरच्या दृष्टीने काम अगदी सोपं. १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक सगळ्यांना फुकट खुली आहे. तिथून फाइल उतरवायची, त्यात प्रत्येक अणूचे एक्स, वाय, झेड दिलेले असतात. दोन फॉर लूप, शाळेतलं अंतराचं सूत्र आणि शेवटी एक इफ: अंतर आठ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर कॉन्टॅक्ट, नाहीतर नाही. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) अंतर बहुतेक वेळा दोन बीटा कार्बनमधलं मोजतात. माळेत लगेच शेजारी असलेले मणी वगळतात, कारण ते जवळ असणारच, त्यात नवीन काय.

आठच का? मीही विचारलं नाही. सगळे आठ घेतात, मीही आठ घेतलं.

मागच्या शनिवारी ऑफिसातला एक मित्र घरी आला होता. मूळचा गडचिरोलीकडचा. त्याच्या मावसभावाला सिकलसेल आहे. थंडी सुरू झाली की अंग दुखायला लागतं आणि मग दवाखान्याच्या वाऱ्या. माझ्या स्क्रीनवरचे रंगीत ठिपके बघून तो म्हणाला, "अरे, सिकलसेल पण हिमोग्लोबिनचाच आजार ना? मग दाखव की, नेमकं कुठे बिघडतं ते."

मला जोर चढला. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची १९९७ साली प्रसिद्ध झालेली एक चांगली रचना डेटा बँकेत आहे. घटना तर पाठ्यपुस्तकातली आहे: बीटा साखळीत १४६ मणी, त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. रक्ताने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन जाऊन ८५ नंबरचं फेनिलअॅलनिन आणि ८८ नंबरचं ल्युसिन यांच्यामधल्या खाचेत बसतं. मग हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांत अडकून दोऱ्या वळायला लागतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. म्हटलं, ६-८५ आणि ६-८८, दोन ओळी दाखवायच्या, काम फत्ते.

प्रोग्रॅम चालवला. शेकडो कॉन्टॅक्ट आले. ६-८५ नाही. ६-८८ पण नाही.

"म्हणजे आजार नाहीच का?" मित्र हसत म्हणाला. मी हसलो नाही.

अर्ध्या तासाने कारण सापडलं. प्रोग्रॅमचा सांगाडा मी नेटवरच्या एका तयार स्क्रिप्टवरून उचलला होता. त्यात एक पर्याय होता: फक्त एकाच साखळीच्या आतले कॉन्टॅक्ट मोजायचे का? डिफॉल्ट: हो. आता व्हॅलिन ज्या खाचेत बसतं ती त्याच्या स्वतःच्या साखळीत नसतेच. ती असते शेजारच्या हिमोग्लोबिनमध्ये. या फाइलमध्ये दोन पूर्ण रेणू, म्हणजे आठ साखळ्या आहेत, म्हणून नशीब. पुष्कळ फाइलींत एकच रेणू दिलेला असतो आणि शेजारी स्फटिकाच्या सममितीवरून आपण उभा करायचा असतो. पर्याय बदलला. अंतर मोजायची रीतही बदलली: बीटा कार्बनऐवजी दोन्ही मण्यांचे कुठलेही दोन अणू, मर्यादा पाच अँगस्ट्रॉम. आणि दोन्ही ओळी आल्या. मित्र बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला.

तर सांगायचा मुद्दा हा. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही बग नव्हता. प्रश्न एक होता आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं काढत होतो, कारण प्रश्न कुणीतरी दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवला होता. आपण आयटीवाले डिफॉल्टला 'काहीच न निवडणं' समजतो. टाइमआउट तीस सेकंद का, पानावर वीसच ओळी का, विचारलं तर उत्तर एकच: आधीपासून तसंच आहे. माझं स्पष्ट मत आहे की डिफॉल्ट हाही निर्णयच असतो, आणि तो वापरला की त्याची जबाबदारी आपली.

आठ अँगस्ट्रॉम चूक आहे असं मी म्हणत नाही. दहा जणांच्या पद्धतींची तुलना करायची तर सगळ्यांची पट्टी एकच हवी. प्रोटीनचा आकार ओळखण्याच्या कास्प स्पर्धेत बीटा कार्बनमधले आठ अँगस्ट्रॉम हीच कॉन्टॅक्टची व्याख्या ठरली, ती याचसाठी. पण ७.९ म्हणजे शेजारी आणि ८.१ म्हणजे परका, असं निसर्गात काही नसतं. २०१८ च्या कास्पमध्ये उतरलेल्या पहिल्या अल्फाफोल्डने हो-नाही सोडून अंतराचाच अंदाज बांधला: या दोन मण्यांत इतकं अंतर असण्याची शक्यता किती, वगैरे. हो-नाहीत हरवणारी माहिती त्याने वापरली. पुढचं २०२४ चं नोबेल सगळ्यांना माहीत आहेच.

आणि याचा उत्तम धडा आपल्याकडे १९६३ सालीच दिला गेला होता. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रोटीनची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते ते काढलं. हिशोब कॉन्टॅक्टचाच, पण उलट्या बाजूने: दोन अणू किती जवळ येऊ शकतात? त्यांनी एकच आकडा धरून बसण्याऐवजी दोन घेतले. दोन कार्बन अणूंसाठी नेहमीची मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम आणि टोकाची ३.०. मग नकाशावर सीमाही दोन काढल्या. रामचंद्रन प्लॉट आज जगभर वापरतात. मला त्यात सर्वांत आवडतो तो हा प्रामाणिकपणा: आमची रेघ इथे आहे, जरा सैल धरली तर तिथे जाते, तुम्हीच बघा.

तुम्ही म्हणाल, एका ओळीवरून एवढं कशाला? कारण अशा ओळींवरून औषधं निघतात. त्याच खाचेत ८७ नंबरचा मणी आहे, थ्रिओनिन. बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये त्या जागी ग्लुटामिन असतं आणि ते असलं की रेणू एकमेकांत नीट अडकत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या लिफजेनिया या जनुकीय उपचारात हाच एक मणी बदललेला जीन रुग्णाच्या पेशींत घालतात. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ३१ लाख डॉलर. तो गडचिरोलीपर्यंत कधी पोचेल, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न. पण सुरुवात झाली ती कुणीतरी दोन रेणूंच्या मधल्या जागेत नीट बघितलं म्हणून.

असो. प्रोग्रॅममध्ये मी आता एक छोटा बदल केलाय. मर्यादा आणि साखळ्यांचा पर्याय दिल्याशिवाय तो चालतच नाही. डिफॉल्ट काढून टाकलाय. मित्र म्हणाला, "कटकट आहे रे ही." आहेच. पण निदान प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं तरी लागतं, आपण शोधतोय काय ते.

चला, चहा गार झाला. तुमच्या कोडमध्ये असा एखादा 'आठ' असेल तर या वीकएंडला उघडून बघाच.