नखाएवढं बेअरिंग, गाडीभर डोकेदुखी

रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो रेस कारचं इंजिन मिनिटाला 30 हजारांहून जास्त फेरे मारतं. त्याच्या टोकाची क्लच बेल फिरते दोन इवल्याशा बेअरिंग्जवर. 1:8 स्केलच्या बऱ्याच गाड्यांत त्यांचं माप 5 बाय 10 बाय 4 मिमी.

क्लच शूजची गरमी, त्यांची भुकटी आणि वर आपल्या नागपूरचा मे महिना! ग्रीस वितळतं, बेअरिंग जाम होतं. मग इंजिन नुसतं सुरू ठेवलं तरी गाडी पुढे सरकते; ब्रेक मारला की इंजिन गप्प. बेअरिंग फुटलंच, तर बेल डगमगून गिअरचे दाते खाते.

महागडं सिरॅमिकही धुळीपुढे हात टेकतं. म्हणून रेस संपली की बेल काढा, बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखर लागली? सरळ बदला. गुळगुळीत आहे? साफ करा, तेलाचा एक थेंब सोडा. आणि किटमध्ये एक जोडी कायम स्पेअर. इंजिन खोलण्यापुढे हा खर्च म्हणजे तर्री-पोहा, बॉस!