थंडी वाजते म्हणून झरोके बुजवू नका

सातारा-सांगलीकरांनो, थंडी पडायला लागली आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या आता येतीलच. आणि जुन्या घरांतून दरवर्षीचं काम सुरू होईल, फटी बुजवायचं. गोणपाट, पुठ्ठे, थर्माकोल, जे हाताला लागेल ते. हात जोडून सांगते, जरा थांबा.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात आत्याच्या वाड्यात होते. न्हाणीघर जिन्याखाली, गॅसचा गिझर आतच. वरच्या झडपेतून गार वारं येतं म्हणून तिथं गोणपाट कोंबलेलं. माझी भाची आंघोळीला गेली. बादली भरून वाहायला लागली तरी नळ काही बंद होईना. हाका मारल्या, ओ नाही. काकांनी कडी उचकटली तेव्हा पोरगी फरशीवर पडलेली होती. चौकात उघड्यावर आणल्यावर काही वेळानं तिनं डोळे उघडले आणि भडाभडा ओकली. ती वाचली. आत्या मात्र संध्याकाळपर्यंत ते गोणपाट मांडीवर घेऊन बसली होती.

गॅस किंवा कोळसा जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळच जातं. दार दोन हातांवर असलं तरी उघडता येत नाही. शेगडीचंही तेच. धूर संपला, निखारे लाल झाले, आता खोलीत न्यायला हरकत नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. धूर गेला तरी हा वायू निघतच राहतो.

आपली जुनी घरं अशी कोंदट नव्हती. माण-खटाव, आटपाडी-जतकडच्या माळवदाला सवणं, म्हणजे छतातला झरोका, असायचं, चुलीवर धुराडं असायचं. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा पाहा. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि भोवतीच्या सोप्यांतून गार हवा आत ओढली जाते. पुढं भावांच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंती आल्या, एकाच्या वाट्याला दार आणि दुसऱ्याच्या वाट्याला खिडकी. चौकावर पत्रा पडला, कौलांखाली पीओपी आलं. म्हणून आज एक खोली भट्टीसारखी तापते आणि शेजारचीत हुडहुडी भरते.

दोष कुठं आहे ते उदबत्तीनं कळतं. पंखा बंद करून ती दाराखाली, खिडकीशी, छताजवळ धरा. खाली धूर आत झुकला तर गारवा तिथून शिरतोय. ती फट जुन्या घोंगडीच्या पट्टीनं खुशाल बंद करा, पण त्या खोलीत काही जळत नसेल तरच. छताखाली धूर नुसता साचून राहिला तर वरची वाट अडली आहे, ती मोकळी करा. वरचा झरोका कधीही बुजवू नका.

सांगलीत कृष्णाकाठच्या घरांचं दुखणं थोडं निराळं आहे. 2005, 2019, 2021 च्या पुरांत भिंती पाणी प्यायल्या. त्या माती-चुन्याच्या भिंतींवर आपण सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला. ओल बाहेर पडणार कुठून? अशी भिंत गारच राहते, हीटर कितीही लावा. तो थर खरवडून चुन्याचा गिलावा करून घ्या आणि कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. खर्च आहे, मान्य, पण हे सवडीनं करता येईल.

गिझरचं तसं नाही. तो न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवून घ्या, आणि तोवर वापरू नका. मिरज-सांगलीत विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकांनो, ही तुमची जबाबदारी आहे. पाचगणी-महाबळेश्वरात बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत राखणदार आणि मजूर शेगडी घेऊन झोपतात. मालकांनी त्यांना पुरेशी पांघरुणं द्यावीत.

घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, कुणी भोवळ येऊन पडलं, तर दारं उघडा, माणसाला उघड्यावर न्या आणि 108 ला फोन करा. आत जाणाऱ्यानं तिथं रेंगाळू नये.

आज रात्री निजण्याआधी तुमच्या न्हाणीघराची झडप बघा. तिच्यात काही कोंबलेलं असेल तर आत्ताच काढा.