चाक मोठं की चाक शहाणं?

बालमित्रांनो,

आमच्या शिरड शहापूरच्या शाळेत मध्यंतरी काय झालं, सांगू? पाचवीतल्या एका मुलाला त्याच्या मामाने रिमोटची गाडी दिली. साधीसुधी नाही, दगडांवर चढणारी! हिला 'रॉक क्रॉलर' म्हणतात. मधल्या सुट्टीत सगळी पोरं दगडांच्या ढिगाऱ्यापाशी जमली. गाडी पहिल्याच दगडाला अडली. चाकं गरगर फिरतात, गाडी मात्र जागच्या जागी!

"सर, चढंना बघा!"

मी ऐटीत सांगितलं, "चाकं लहान पडतात. मोठी बसव."

पोराने साठवलेल्या पैशांतून मोठी चाकं मागवली. मग? तिरप्या दगडावर गाडी धाडकन कलंडली. मोटार तापली, गिअरचे दाते तुटले. बिचारा रडवेला झाला. चूक त्याची नव्हती, माझी होती. चाक मोठं झालं की ते फिरवायला मोटारीला जास्त जोर लागतो आणि गाडीचा भार उंचावर जातो. हे मी तपासलंच नव्हतं. नव्या गिअरचे पैसे मी दिले आणि आम्ही दोघं अभ्यासाला बसलो.

पहिली गोष्ट रबराची. टायर नखाने दाबून बघा. मऊ रबर दगडाच्या खाचाखोचांत शिरून पकड घेतं. कडक रबर नुसतं घसरतं.

दुसरी गोष्ट टायरच्या आतली. या टायरमध्ये सायकलसारखी हवा कोंडलेली नसते. आत स्पंज असतो आणि हवा जायला बारीक भोक. भार पडला की टायर चेपून दगडाला बिलगतो. स्पंज फार कडक असला तर गाडी उसळते. फार मऊ असला तर टायर दुमडतो.

तिसरी गोष्ट नक्षीची. ट्रॅक्टरचं मागचं चाक आठवा. उंच तिरप्या पट्ट्या आणि मध्ये मोकळी जागा. काळ्या मातीचा चिखल त्या जागेतून झडून पडतो. चिखलात अशी नक्षी हवी. कोरड्या दगडावर मात्र जवळजवळ बसवलेले मऊ ठोकळे बरे, कारण जास्त रबर दगडाला टेकतं.

चौथी गोष्ट वजनाची. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं पाहिलंय ना? वजन खाली राहिलं की चाक जमीन सोडत नाही. क्रॉलरच्या चाकात त्यासाठी पितळेच्या कड्या घालतात. पुढच्या चाकांत जास्त, कारण चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाकं उचलली जातात.

हे कोडं मोठ्या शास्त्रज्ञांनाही पडलं बरं का! २०१२ मध्ये 'क्युरिऑसिटी' गाडी मंगळावर उतरली. तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना अणकुचीदार दगडांनी भोकं पाडली. म्हणून २०२१ मध्ये उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स'ला अरुंद, पण जाड पत्र्याची चाकं दिली. चाकावरच्या पट्ट्याही २४ च्या जागी ४८ केल्या. म्हणजे जमीन पाहून चाक बदललं!

आम्हीही तेच केलं. जुनी लहान चाकं परत लावली. त्यांवर सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट चढवल्या. मग पुढच्या चाकांत लोखंडी वायसर बसवले. गाडी पहिला दगड हळूहळू चढली! दुसऱ्यावरून घसरली, पण पोराचा चेहरा खुलला होता.

तुम्हीही करून पाहा. एक फळी तिरपी टेकवा. गाडी कुठल्या कोनापर्यंत चढते ते कोनमापकाने मोजा. मग एकच बदल करा, आधी रबर किंवा आधी वजन, आणि पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केले, तर फरक कशाने पडला ते कळणार कसं? नोंद वहीत ठेवा.

आणि हो, सर सांगतात म्हणून लगेच पैसे खर्चू नका. आधी करून बघा!

तुमचे,
गुरुजी