भिंतीवरचा परवाना आपणही वाचू या

वस्तीत कुणाचा ताप उतरत नाही, पोटात दुखू लागते, बाळंतपणाची वेळ येते, की माणूस आधी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमकडे धावतो. सरकारी दवाखाना लांब असतो, तिथे रांग असते. नर्सिंग होममध्ये शिरल्यावर आपण दोनच गोष्टी विचारतो : डॉक्टर आहेत का, आणि डिपॉझिट किती भरायचे? काउंटरच्या मागे भिंतीवर फ्रेममध्ये एक कागद टांगलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो कागद म्हणजे त्या नर्सिंग होमचा नोंदणी परवाना. या वेळी त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

आम्ही म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून वर्षानुवर्षे वॉर्डात ड्युटी केलेल्या आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या बाया. परवान्यासाठी पाहणी कशी होते, ते आम्ही आतून पाहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये होतो. पाहणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर वॉर्डात यायचा. नव्या चादरी निघायच्या, ऑक्सिजनचे सिलिंडर भरून यायचे. आणि आमच्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या चार मुलींना सांगितले जायचे, "उद्या येऊ नका, पगार कापणार नाही." त्या मुलींचे नर्सिंग झालेले नव्हते. फाइलमध्ये मात्र चार नोंदणीकृत परिचारिकांची सर्टिफिकेटे लावलेली असायची. त्या परिचारिकांचे तोंडसुद्धा आम्ही कधी पाहिले नाही. सर्टिफिकेटे भाड्याने घेतलेली होती. फाइल बघून सही व्हायची. आम्ही बाजूला गप्प उभ्या राहायचो, कारण नोकरी जाण्याची भीती होती. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

त्या चार मुली कुठल्या होत्या? आपल्याच वस्तीतल्या. बारावीनंतर कुणीतरी सांगितले, सहा महिन्यांचा कोर्स कर, सिस्टर होशील. आईने दागिना गहाण ठेवून फी भरली. पुढे पांढरा ड्रेस मिळाला, लोक सिस्टर म्हणू लागले, पण पगार मोलकरणीएवढाच राहिला. त्यांच्यातल्या एकीकडून एका रात्री इंजेक्शनचा डोस चुकला. रुग्ण वाचला. दुसऱ्या दिवशी मालकाने नातेवाइकांना सांगितले, "ती आमच्या स्टाफमध्येच नाही." आणि कागदावर ते खरेच होते.

म्हणून परवान्याचे नियम हा फक्त डॉक्टरांचा आणि सरकारी कार्यालयाचा विषय आहे, असे आम्ही मानत नाही. त्या वॉर्डात खाटेवरही आपले माणूस असते आणि खाटेशेजारी सलाईन लावायलाही आपलीच मुलगी असते. नियम मोडला की दोघांनाही भोगावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्यानुसार होते. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवता येत नाही आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये शिकलेल्या, नोंदणीकृत परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार या कायद्याने पहिल्यापासून दिला आहे. महापालिकेच्या हद्दीत हा अधिकार महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे असतो, नगरपालिकेच्या गावात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि खेड्यांत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

या कायद्याखालचे नियम राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये, ऐन कोरोनाच्या काळात बदलले. या बदलात आपल्या कामाच्या बऱ्याच गोष्टी आल्या. रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावली पाहिजे. दरपत्रक लावले पाहिजे. आजार काय, उपचार काय, खर्च अंदाजे किती, हे रुग्णाला सांगितले पाहिजे. बिल तपशीलवार दिले पाहिजे. पुरुष डॉक्टर बाईची तपासणी करत असतील तर तिथे एक स्त्री हजर हवी. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचा हक्क रुग्णाला आहे. आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रार ऐकण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांकडे तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री नंबर हवा, असेही नियमात आले. दवाखान्यांसाठी केंद्राचा २०१० चा वेगळा कायदा आहे, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपली भिस्त याच नियमांवर आहे.

नियम बदलले, पण वस्तीतल्या किती घरांना ते माहीत आहेत? आम्ही बैठकांमध्ये विचारतो तेव्हा एखादाच हात वर होतो. मयताचा देह मिळावा म्हणून रात्रीतून व्याजाने पैसे उभे करणारी कुटुंबे आम्ही २०२१ नंतरही पाहिली आहेत. त्यांच्या बाजूचा नियम तोपर्यंत झालेला होता. त्यांना तो कुणी सांगितला नव्हता.

आपल्या समाजाला हे नवे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव पुढे केला. तरी तळ्याला आपला हात लागला तो बाबासाहेब लोकांना घेऊन तिथे चालत गेले तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी. मधली वर्षे ठराव दप्तरात होता. भिंतीवरच्या सनदेचेही तसेच आहे. आपण जाऊन विचारल्याशिवाय ती लागू होणार नाही.

परवान्याकडे कोणी बघितले नाही तर काय होते, हे मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या विवेक विहार भागात दिसले. नवजात बाळांच्या एका खासगी दवाखान्याला रात्री आग लागली आणि बाळे दगावली. त्या दवाखान्याच्या परवान्याची मुदत मार्चअखेरीस संपलेली होती. परवाना पाच खाटांचा होता आणि आत बारा बाळे होती. ही माहिती नंतर सगळ्यांना कळली. आधी ती फक्त फाइलमध्ये होती.

लहान नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणतात, नियम इतके कडक केले तर आम्हाला दवाखाना बंद करावा लागेल, मग गरिबाने मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात जायचे का? हा मुद्दा आम्ही झटकून टाकत नाही. वस्तीजवळचे लहान नर्सिंग होम बंद पडले तर नुकसान आपलेच आहे. पण नियमही दोन तऱ्हेचे असतात. जागा किती, जिना किती रुंद, यंत्रे कोणती, यांना पैसा लागतो. तिथे लहान दवाखान्यांना मुदत द्या, मदत द्या, आमची हरकत नाही. आगीपासून सुरक्षिततेला मात्र सूट नको. पण दरपत्रक लावणे, सनद लावणे, पक्के बिल देणे आणि ड्युटीवर खरोखर कोण आहे ते लिहिणे, याला खर्च येत नाही. त्यासाठी मुदत मागण्याचे कारणच नाही.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. उद्या पाहणी खरोखर कडक झाली, तर पहिल्या झटक्यात बाहेर काढल्या जातील त्या न शिकलेल्या मुलीच. मालक दंड भरून मोकळा होईल. असा न्याय आम्हाला नको. परवान्याच्या नियमात बदल करायचा असेल तर आमच्या तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक पाळीला ड्युटीवर असलेल्या परिचारिकेचे नाव आणि नोंदणी क्रमांक वॉर्डात फळ्यावर लिहिणे सक्तीचे करा, म्हणजे भाड्याचे सर्टिफिकेट चालणार नाही. दोन, पाहणीचा अहवाल लोकांना वाचायला मिळू द्या. तीन, आज अशा कामावर असलेल्या मुलींना मदतनीस म्हणून नियमाने नेमा, औषध-इंजेक्शन त्यांच्यावर टाकू नका, आणि त्यांना शिकायचे असेल तर सरकारी नर्सिंग शाळांमध्ये जागा वाढवा.

आणि आपणही घरी एक गोष्ट पक्की करू या. कोर्सची फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझ्या मुलीची नोंदणी होईल का? एएनएम दोन वर्षांचे असते, जीएनएम तीन वर्षांचे. सहा महिन्यांत परिचारिका होत नाही. मान्यता असलेल्या कोर्सला प्रवेश मिळाला, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

पुढच्या वेळी नर्सिंग होममध्ये गेलात, की रुग्णाला खाट मिळाल्यावर दोन मिनिटे काउंटरपाशी उभे राहा. परवान्यावर मुदत कधी संपते ते वाचा. खाटा किती लिहिल्या आहेत ते वाचा. दरपत्रक आणि सनद कुठे आहे ते विचारा. शक्य असेल तर मोबाईलवर फोटो काढा. बिल घेताना पक्के मागा. नकार मिळाला तर भांडू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार वर सांगितलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर विहारातल्या चार जणांना बरोबर घ्या. आम्हीही येऊ. तेव्हा आम्ही गप्प उभ्या राहिलो होतो, आता राहणार नाही.

जय भीम.