दाखल्याचे दास

परप्रांती नोकरी करणारे आपण चार मराठी गृहस्थ रविवारी एकत्र जमलो, की देशाच्या मागासलेपणाचे निदान पाच मिनिटांत उरकते: पैसा नाही! २०२०-२१ साली संशोधनावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाचा शेकडा ०.६४ इतकाच भाग खर्चिला, हा आकडा तोंडावर फेकला की वाद संपला. आकडा खरा आहे, लाजिरवाणाही आहे. परंतु त्याच्या आडोशाला आपण स्वतः किती काळ लपणार?

मी ज्या कोलकात्यात कारकुनी करतो, तेथून जवळच सरहद्दीवर बनगाव आहे. १९७१ साली तेथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने कहर मांडला. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातलगांकरवीच पाजविले. शेकडा तीसच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत चाराच्याही खाली आले. शर्करेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे शास्त्रज्ञांना १९६० च्या सुमारास उमगले होते. १९६८ साली ढाक्याच्या रुग्णालयात त्याची परीक्षाही झाली होती. नव्हता तो केवळ नातलगांच्या हाती असा उपचार सोपविल्याचा दाखला!

२०२५ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांपैकी जोएल मोकीर हे इतिहासकार दुसरे काय सांगतात? 'कसे करावे' ही हातोटी आणि 'का घडते' हे ज्ञान यांची गाठ पडली व समाजाने नव्याला दार उघडे ठेवले, म्हणूनच यंत्रयुगातील भरभराट टिकली.

आणि या दाराशी आपल्याकडे उभा कोण? आपणच! टेबलावर नवी सूचना आली, की ती उपयुक्त आहे काय, हे आपण विचारीत नाही. 'पूर्वी असे झाले आहे काय?' एवढेच विचारतो. झाले नसेल, तर 'चर्चा करावी' हा शेरा मारून फाईल पुढे ढकलतो. मीही तो शेरा कैक वेळा लिहिला आहे. तेव्हा हा आरोप प्रथम माझ्यावर.

कोणी म्हणेल, दाखला हा अधिकाऱ्याच्या लहरीपासून प्रजेचे रक्षण करतो. मान्य! पैशाच्या वाटपात तो हवाच. परंतु ढाल प्रत्येक नव्या कल्पनेच्या डोक्यात घातली जाऊ लागली, तर तिला ढाल का म्हणावे?

उपाय आपल्याच लेखणीत आहे. 'दाखला नाही' एवढ्याच कारणावर नकार लिहू नये. लहान प्रमाणावर, मुदत घालून, करून पाहण्याची शिफारस करावी. फसले तर फसले असे प्रामाणिकपणे नोंदवावे, कारण ती नोंदही ज्ञानच. सरकारने तिजोरी सैल करावी, ही मागणी आपण अवश्य करू. पण उद्या सकाळी साडेनऊ वाजता पहिली फाईल उघडताना आपल्याला तिजोरीची किल्ली लागत नाही, हेही विसरू नये.